राफ्ट की एटीआरपी, आणि क्लिक कोणतं? गरम झाल्यावर आकसणारा जेल करायला निघालेल्यांसाठी

परवा नागपूरच्या धरमपेठेत तर्री पोहा खाता खाता एका ज्युनिअर पोट्ट्याने विचारलं, "दादा, मले टेम्परेचरवाला हायड्रोजेल बनवायचाय, राफ्टने करू का एटीआरपीने, अन् क्लिक कोणतं घेऊ?" म्हटलं जेल करून त्याचं करशील काय. तर म्हणे, "ते अजून ठरलं नाही, गाईडने फक्त टायटल दिलंय." म्हणजे हॉल बुक झाला, नवरी शोधायची बाकी. तिथे पंधरा मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं पण प्लेट संपली अन् विषय संपला नाही, म्हणून उरलेलं इथे टाइप करतोय. यातले तीन रस्ते मी स्वतः चाललोय आणि दोनदा तोंडावर आपटलोय, तेव्हा माझं माप एका बाजूला झुकलेलं आहे हे धरूनच वाचा.

बेसिक एका श्वासात सांगतो. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारी पॉलिमरच्या साखळ्यांची जाळी. राफ्ट आणि एटीआरपी म्हणजे सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या वाढवायच्या दोन "कंट्रोल्ड" पद्धती, आणि क्लिक म्हणजे तयार साखळ्या एकमेकींना खात्रीने जोडणारी रिअॅक्शन. निपाम नावाच्या मोनोमरची, म्हणजे सुट्या कडीची, साखळी म्हणजे पीनिपाम. थंड पाण्यात छान विरघळते, ३२ अंशांच्या वर गेली की गोळा होते आणि द्रावण दुधासारखं दिसतं, गार केलं की परत पाण्यासारखं. साखळीवर पाणी धरून ठेवणारा अमाइड गट आहे आणि पाण्याशी न पटणारा आयसोप्रोपिल गट पण आहे. थंडीत अमाइडचं चालतं, तापलं की आयसोप्रोपिलभोवती शिस्तीत बसलेलं पाणी सुटून जातं आणि साखळी स्वतःभोवतीच गुंडाळते. हे पाण्यातलं वागणं हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ मध्ये मांडलं. साखळ्या एकमेकींना बांधून जाळी केली की तोच खेळ अख्ख्या जेलचा होतो, थंडीत फुगतो, गरमीत पाणी टाकून बारका होतो.

आता जगभरच्या लोकांना हे ३२ आवडतं कारण ते शरीराच्या ३७ च्या जरा खाली आहे आणि रूम टेम्परेचरच्या जरा वर. आपल्याकडे हा हिशोबच बसत नाही ना. मे महिन्यात बाहेर ४५, लॅबचा एसी बंद पडला की आत ३८, म्हणजे जेल टेबलावर ठेवला की आपोआप पांढरा. कूलर लावून खोली गार होते पण ३२ च्या खाली जाईलच याची खात्री नाही. पेपरमध्ये "रूम टेम्परेचरला ढवळा" लिहिलेलं असतं ते नागपूरसाठी लिहिलेलं नसतं हे डोक्यात ठेवून पुढचं सगळं वाचा.

आधी हे विचारा की कंट्रोल्ड पाहिजेच का

हे कोणी सांगत नाही कारण मग प्रोजेक्ट साधा वाटतो. पण तुम्हाला फक्त आकसणारा-फुगणारा तुकडा पाहिजे असेल, त्यात रंग किंवा औषध भरून सोडून दाखवायचं असेल, तर जुनी पद्धत एकदम झकास आहे. निपाम, साखळ्यांना गाठ मारणारा थोडा बिस-अॅक्रिलामाइड (पुढे नुसता बिस), रिअॅक्शन सुरू करणारी एपीएस आणि टेमेडची जोडी, पाण्यात, अर्ध्या-एक तासात जेल हातात. खर्च नाहीसारखा, आणि एसडीएस-पेज (प्रोटीन वेगळे करायची जेलवरची टेस्ट) करणाऱ्या कुठल्याही बायोटेकवाल्याकडे निपाम सोडून बाकी सगळं पडलेलंच असतं.

फक्त बर्फात करा. ही रिअॅक्शन स्वतः गरम होते. माझा पहिला जेल मी एप्रिलमध्ये टेबलावर केला, टेस्ट ट्यूबमध्ये खालून वर पांढरा होत गेला, मला वाटलं वा, जेल झाला. झाला होता पण जाळी बनता बनताच तापमान ३२ च्या वर गेलं, त्यामुळे गोळा झालेल्या साखळ्या तशाच बांधल्या गेल्या, आणि नंतर फ्रिजमध्ये ठेवला तरी तो पारदर्शक झाला नाही तो नाहीच. दह्याच्या कवडीसारखा. मजा म्हणजे असा पांढरा, भोकाभोकांचा जेल पाणी पटकन टाकतो, म्हणून काही लोक मुद्दाम तसा करतात. पण मुद्दाम करणं आणि एसी बंद पडल्यामुळे होणं यात फरक आहे आणि व्हायव्हामध्ये तो कळतो.

या पद्धतीची खरी अडचण जाळीच्या आत आहे. कळमना मार्केटला संत्री भरतात त्या जाळीच्या पिशव्या पाहा, मशीनवरची नवी जाळी असली की सगळी भोकं सारखी, आणि ठिगळं लावलेली जुनी असली की एकीकडे गाठीच गाठी आणि दुसरीकडे अख्खं संत्रं निसटेल एवढं भगदाड. बिसवाला जेल म्हणजे ही ठिगळाची जाळी. बिस आधी संपतो, मग सुरुवातीला बनलेले भाग घट्ट आणि उरलेले सैल. दोन गाठींमधली साखळी किती लांब आहे हे तुम्हाला सांगताच येत नाही, अंदाजच. आणि एकदम गरम पाण्यात टाकला तर बाहेरचा थर आधी आकसतो, दुधावर साय धरते तशी साय धरते आणि आतलं पाणी आतच अडकतं. तसाही जेलचा वेग जाडीवर जातो, तेही जाडीच्या वर्गावर. तनाका आणि फिलमोर यांनी १९७९ मध्ये हे दाखवलं, म्हणजे एक मिलिमीटरचा तुकडा जिथे दहा मिनिटं घेतो तिथे दोन मिलिमीटरचा चाळीस घेणार. तुमचा जेल स्लो आहे म्हणून केमिस्ट्री बदलायच्या आधी पातळ कापून पाहा, फुकटात होतं.

मग कंट्रोल्ड पॉलिमरायझेशन आणि क्लिक कधी? इंजेक्शनने दोन द्रावणं आत जाऊन तिथेच जेल व्हायला पाहिजे असेल तेव्हा. पेशी आत जिवंत ठेवायच्या असतील तेव्हा, कारण निपामचा मोनोमर विषारी आहे आणि इथे मोनोमर आधीच धुऊन निघालेला असतो. आणि जाळीची लांबी बदलली तर मजबुती कशी बदलते असा आकड्यांचा प्रश्न असेल तेव्हा. यातलं एकही नसेल तर बिस झिंदाबाद, कोणी हसलं तर हसू द्या.

उलटीकडून सुरू करा

सगळे आधी राफ्ट की एटीआरपी यावर भांडतात आणि क्लिक नंतर बघू म्हणतात. मी पण तेच केलं आणि आठ महिने घातले. पॉलिमरायझेशनची पद्धत तुमच्या साखळीच्या टोकाला काय राहणार हे ठरवते, आणि टोकाला काय आहे त्यावर कोणतं क्लिक फुकटात मिळेल हे ठरतं. राफ्टच्या टोकाला सल्फर असतो, तो सोलला की थायॉल (सल्फर-हायड्रोजनचा गट) निघतो, म्हणजे थायॉलवालं क्लिक जवळजवळ घरचंच. एटीआरपीच्या टोकाला ब्रोमीन किंवा क्लोरीन असतो, त्याच्या जागी सोडियम अझाइडने अझाइड (तीन नायट्रोजनचा गट) बसवला की अझाइड-अल्काइन क्लिक तयार. याच्या उलट जायचं म्हटलं तर जाता येतं, पण दर स्टेपला मटेरियल कमी होतं अन् दर स्टेपला एक आठवडा जातो. म्हणून आधी जेल कुठे वापरणार, त्यावरून क्लिक, क्लिकवरून टोक, टोकावरून पद्धत. त्या पोट्ट्याला मी हेच पाच वेळा सांगितलं.

राफ्ट

१९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओमधल्या रिझार्डो, मोड आणि थांग या मंडळींनी आणलं. करायचं काय तर नेहमीचं फ्री रॅडिकल पॉलिमरायझेशन, त्यात एक सीटीए नावाचं सल्फरवालं संयुग टाकायचं, ते वाढत्या साखळ्यांना आळीपाळीने झोपवतं-उठवतं म्हणून सगळ्या सारख्या वाढतात. निपामसाठी ट्रायथायोकार्बोनेट घ्या, पिवळा असतो. हा पिवळा रंग पुढे कामाला येतो.

माझी नेहमीची रेसिपी अशी. निपाम २.२६ ग्रॅम म्हणजे २० मिलिमोल, डोडेसिल शेपटीचा ट्रायथायोकार्बोनेट ३६ मिलिग्रॅम म्हणजे ०.१ मिलिमोल, आणि रिअॅक्शन सुरू करणारा एआयबीएन मोलच्या हिशोबाने त्याच्या दहावा भाग, म्हणजे १.६ मिलिग्रॅम. आता १.६ मिलिग्रॅम साध्या वजनकाट्यावर कोणी मोजायच्या भानगडीत पडू नका, १६ मिलिग्रॅम दहा एमएल डायॉक्सेनमध्ये घोळा आणि त्यातलं एक एमएल टाका. नायट्रोजन अर्धा-पाऊण तास बुडबुडवा, ७० ला ठेवा. मोनोमर आणि सीटीएचं प्रमाण २००:१, कन्व्हर्जन, म्हणजे खपलेला मोनोमर, ९०% ला थांबवलं तर साखळीत १८० युनिट, गुणिले ११३, अधिक सीटीएचं वजन, साधारण २०,७०० मोलर मास. हा हिशोब कागदावर करून मग एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणारं मशीन) तोच आकडा आसपास दिसतो तेव्हा जो आनंद होतो तो बिसवाल्याला कधी मिळत नाही हे मान्य करावं लागेल. पूर्ण १००% पर्यंत नेऊ नका, शेवटी टोकं मरायला लागतात आणि तुम्हाला तर टोकंच पाहिजेत.

टोक सोलणं सोपं आहे, ब्युटिलअमीन किंवा हेक्सिलअमीन टाका, पिवळा रंग उडाला की झालं समजा, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३१० नॅनोमीटरच्या आसपासचा उंचवटा गेलेला दिसला पाहिजे. पण नायट्रोजनखालीच करा आणि चिमूटभर टीसीईपी टाका, नाहीतर दोन थायॉल एकमेकींचा हात धरून डायसल्फाइड होतात आणि जीपीसीवर (साखळ्यांचं वजन मोजणारं मशीन) दुप्पट वजनाचा खांदा दिसतो. आणि उरलेलं अमीन नीट धुवा, कारण ते पुढे मेलिमाइडला (थायॉलला पकडणारा गट, खाली क्लिकमध्ये येतो) पण खातं.

आता माझी फजिती. जाळीसाठी साखळीच्या दोन्ही टोकांना पकड पाहिजे, म्हणून मी दोन्हीकडे कार्बोक्सिल असलेला सिमेट्रिक सीटीए घेतला, वाटलं दोन टोकं म्हणजे दोन थायॉल. त्या सीटीएमध्ये सल्फरवाला भाग साखळीच्या बरोबर मध्ये बसतो. मी अमीन टाकलं, रंग उडाला, मी खूश, आणि जीपीसीचा रिपोर्ट आला तेव्हा २०,००० ची साखळी १०,००० ची. भाकरी मधून मोडावी तशी मोडली. आमच्याकडे जीपीसी नव्हतं, सॅम्पल बाहेर पाठवायचो, त्यामुळे ही चूक कळायला पाच आठवडे लागले आणि तोवर त्याच मालाचे चार जेल करून "का घट्ट होत नाही बाप्पा" म्हणत बसलो होतो. दोन्ही टोकांना थायॉल पाहिजे तर दोन ट्रायथायोकार्बोनेट मधून जोडलेला सीटीए लागतो, सल्फर बाहेरच्या टोकांना राहील असा. ऑर्डर द्यायच्या आधी स्ट्रक्चर वहीवर काढा आणि साखळी कुठून वाढणार तिथे बाण काढा, एवढंच.

टोकांऐवजी साखळीच्या अंगावर हुक लावायचा रस्ता पण आहे आणि नवशिक्याला मी तोच सुचवेन. निपामसोबत शंभरात तीन-पाच असा दुसरा मोनोमर टाकायचा ज्याच्यावर फ्युरान आहे किंवा अॅक्टिव्ह एस्टर आहे. १८० च्या साखळीवर सहा-आठ हुक मिळतात, एखादं वाया गेलं तरी जेल होतो. टोकवाल्या पद्धतीत टोकं शंभरातली पाच-दहा मेली की जाळी लगेच ढिली. फक्त मेथाक्रिलेट जातीचा मोनोमर टाकला तर तो निपामच्या आधी खपतो आणि हुक साखळीच्या एकाच बाजूला गर्दी करतात, आणि फ्युरानसारखी पाणी न आवडणारी वस्तू टाकली की ३२ चा आकडा खाली घसरतो. जेल करायच्या आधी नुसत्या पॉलिमरचा क्लाउड पॉइंट, म्हणजे गढूळ व्हायचं तापमान, घ्या, म्हणजे नंतर आश्चर्य नको.

एटीआरपी

१९९५ चं, कार्नेगी मेलनचे माट्याशेव्स्की, आणि त्याच वर्षी जपानमध्ये सावामोटो यांनी वेगळं. तांब्याचा कॉम्प्लेक्स टोकाचा हॅलोजन काढतो-घालतो, त्यातून कंट्रोल. मेथाक्रिलेटसाठी झक्कास. पण निपामसारख्या अॅक्रिलामाइडशी याचं जुनं वाकडं आहे, अमाइड तांब्याला जाऊन चिकटतो, टोकाचा हॅलोजन गळतो, आणि तुम्हाला वाटतं कन्व्हर्जन आलं म्हणजे टोक पण आलं. ते आलेलं नसतं. यावर उपाय आहेत, मी-सिक्स-ट्रेन नावाचा लिगँड (तांब्याला धरून ठेवणारा रेणू), ब्रोमाइडऐवजी क्लोराइड, आयसोप्रोपेनॉलसारखं सॉल्व्हंट, आणि थंडीत काम. वॉरविकच्या हॅडलटन ग्रुपने २०१३ मध्ये शून्य अंशाला, साध्या पाण्यात, तांबं(१) चा कॉम्प्लेक्स आधी तांबं(०) आणि तांबं(२) मध्ये फुटू देऊन निपाम काही मिनिटांत पूर्ण करून दाखवला. वाचायला सुंदर आहे. नागपुरात करायचं तर बर्फाची बादली आधी भरा, कारण पाण्यात पॉलिमर वाढतोय आणि खोली ३८ ला आहे म्हणजे तो वाढता वाढताच खाली बसेल.

म्हणून माझं मत, निपामच पाहिजे असेल तर एटीआरपीच्या नादी लागू नका. पण निपामच पाहिजे असं कोण म्हणतं? इथिलीन ग्लायकॉलच्या शेपटीचे मेथाक्रिलेट आहेत. आखूड शेपटीचा, म्हणजे दोन युनिटवाला, २६ च्या आसपास गढूळ होतो आणि आठ-नऊ युनिटवाला थेट ९० ला. लुट्झ यांनी २००६ मध्ये दाखवलं की दोन्ही मिसळले की मधलं कुठलंही तापमान गाठता येतं, लांब शेपटीवाला शंभरात आठ-दहा टाकला की तुम्ही ३७-३९ च्या पट्ट्यात. आता विचार करा, नागपूरच्या माणसाला यापेक्षा सोयीचं काय. निपामवाला जेल मार्च ते जून टेबलावर पांढरा पडलेला असतो आणि हा ३९ वाला निदान सकाळी अकरापर्यंत तरी पारदर्शक राहतो. शिवाय गरम-थंडच्या जाण्या-येण्यात फरक कमी पडतो, निपाम गार करताना जरा अडून बसतो तसं नाही. हे मेथाक्रिलेट एटीआरपीला पण आवडतात आणि राफ्टला पण, राफ्टमध्ये मात्र सीटीए वेगळा लागेल, अॅक्रिलामाइडवाला सरसकट चालत नाही.

एटीआरपीमध्ये तांबं काढायचं काम वेगळं. अॅल्युमिनाच्या कॉलममधून हिरवट-निळं द्रावण सोडा, खाली बिनरंगाचं येतं, बघायला मजा येते पण माल पण थोडा वर राहतो. आता आर्गेट नावाचा प्रकार आहे, त्यात तांबं फार थोडं आणि ते व्हिटॅमिन सीने चालू ठेवायचं, थोडी हवा पण सहन करतो. नवीन सुरू करत असाल तर तोच करा.

अझाइडबद्दल एक गोष्ट गांभीर्याने. सोडियम अझाइड अॅसिडसोबत कधी नाही, डायक्लोरोमिथेनसोबत कधी नाही, आणि सिंकमध्ये तर अजिबात नाही, जुन्या बिल्डिंगच्या धातूच्या पाइपात तो जाऊन बसला की स्फोटक पदार्थ होतो. आमच्या लॅबमध्ये एकाने बिनधास्त ओतला होता, काही झालं नाही, पण नंतर जो प्लंबर आला त्याच्याकडे पाहून मला घाम फुटला होता.

उन्हाळ्याची बाजू

हे कुठल्या पेपरात सापडणार नाही. पीनिपाम धुवायला सगळे थंड डायइथिल ईथरमध्ये ओता म्हणतात. ईथर उकळतं ३४.६ अंशांना. मे महिन्यात दुपारी बाटलीचं झाकण उघडलं की सोड्याच्या बाटलीसारखं फुस्स, आणि शेजारी कोणाचा हीटर चालू असेल तर प्रोजेक्ट सोडा, बिल्डिंगचं बघावं लागेल. एक तर सकाळी सातला काम करा, ईथर रात्रभर बर्फात ठेवा, नाहीतर सरळ अॅसिटोनमध्ये विरघळवून हेक्झेनमध्ये पाडा. एआयबीएन फ्रिजमध्येच, आणि लाईट जाते तेव्हा फ्रिज पण जातो हे लक्षात ठेवून ज्या फ्रिजला बॅकअप आहे त्यात. डायलिसिसचं पाणी गार ठेवा, नाहीतर पिशवीतला पॉलिमर गोळा होऊन तळाला बसतो आणि तुम्ही तीन दिवस पाणी बदलत राहता पण आतली घाण तशीच. द्रावण कुरिअरने पाठवलं आणि समोरच्याचा फोन आला की "सॅम्पल खराब झालंय, दही झालंय" तर घाबरू नका, फ्रिजमध्ये ठेवायला सांगा, तासाभरात साफ होतं.

क्लिक कोणतं

क्लिक हा शब्द शार्पलेस मंडळींनी २००१ मध्ये रूढ केला, तांब्यावालं अझाइड-अल्काइन २००२ मध्ये मेल्डाल आणि शार्पलेस यांच्या लॅबमधून वेगवेगळं आलं, बिनतांब्याचं बर्टोझी यांनी २००४ मध्ये पेशींवर करून दाखवलं, आणि २०२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल या तिघांना. इतिहास संपला.

तांब्यावालं स्वस्त, पक्कं, आणि एकदा जमलं की कधी दगा देत नाही. कॉपर सल्फेट, सोडियम अॅस्कॉर्बेट, पाणी. पण जेल झाल्यावर तांबं आत अडकतं. तांबं पकडणाऱ्या ईडीटीएच्या पाण्यात बुडवून दिवसातून दोनदा पाणी बदललं तरी माझ्या जेलच्या मधोमध फिकट निळा ठिपका पाचव्या दिवशी पण दिसत होता. पेशी टाकायच्या असतील तर हा रस्ता सोडा. आणि राफ्टची साखळी वापरणार असाल तर सल्फरवालं टोक आधी काढा, तांबं आणि ते टोक एका भांड्यात सुखाने नांदत नाहीत.

बिनतांब्याचं, डीबीसीओवालं (ताणलेल्या अल्काइनचा रेणू), स्वप्नासारखं आहे. दोन द्रावणं मिसळा, काही टाकू नका, जेल. फक्त डीबीसीओ मिलिग्रॅमवर विकतात आणि जेल ग्रॅमवर लागतो. कोटेशन मागवा, गाईडला दाखवा, गाईड गप्प बसले की विषय मिटला.

थायॉलवाल्यात तीन भाऊ आहेत. मेलिमाइड फार घाईचा, ७.४ पीएचला दोन सिरिंज पूर्ण मिसळायच्या आधीच सेकंदांत घट्ट होतो, मग अर्धा गोळा आणि अर्धं पाणी. पीएच ६ च्या आसपास आणला की जरा थांबतो. व्हिनाइल सल्फोन मिनिटांवर येतो, तोच मला सगळ्यात माणसाळलेला वाटतो. अॅक्रिलेट आळशी, तास लागू शकतात, पण त्याचा एस्टर हळूहळू तुटतो म्हणून विरघळून जाणारा जेल पाहिजे तर बरा. चौथा चुलतभाऊ म्हणजे यूव्हीवाला थायॉल-ईन, नॉर्बोर्नीन आणि ३६५ नॅनोमीटरचा दिवा. पाहिजे तिथेच जेल करता येतो ही त्याची खासियत. पण दिवा तापवतो, पीनिपाम ३२ ओलांडून पांढरा होतो, पांढरा झाला की प्रकाश आत जात नाही, वरचा पापड कडक आणि खालचं पातळ. खाली बर्फाची प्लेट ठेवली तरच.

डिल्स-अल्डर, म्हणजे फ्युरान आणि मेलिमाइड, याच्यावर माझा जीव आहे. काही टाकायचं नाही, काही बाहेर पडत नाही, फ्युरानवाला मेथाक्रिलेट परवडतो, आणि आयआयटी खरगपूरच्या लोकांनी तो कंट्रोल्ड पद्धतीने करून दाखवलेला आहे. पण हळू आहे, आणि इथेच गोची. हळू रिअॅक्शन सगळे तापवून पळवतात, आपण तापवलं तर पॉलिमर गोळा. म्हणजे फ्रिजबाहेर पण ३० च्या खाली अशा जागी रात्रभर, कधी दोन रात्री ठेवायचा. डिसेंबरमध्ये नागपुरात ही जागा म्हणजे नुसतं टेबल. मे महिन्यात पाण्याच्या बाथला चिलर जोडा नाहीतर सोडा.

टेट्राझीन-नॉर्बोर्नीन बघायला सगळ्यात सुंदर, गुलाबी रंग उडत जातो आणि तो उडाला की झालं, वेगळी टेस्ट नको. नायट्रोजन सुटतो, दाट द्रावणात बारके बुडबुडे अडकतात. टेट्राझीन पण महाग. अल्डिहाइड-हायड्रॅझाइडवाला हायड्रॅझोन कडक अर्थाने क्लिक म्हणावा का यावर लोक वाद घालतात, घालू द्या, दोन नळ्यांच्या सिरिंजमधून पटकन जेल होतो, सोबत फक्त पाणी सुटतं, आणि पाण्यात सावकाश सुटत जातो. इंजेक्शनवाल्यांनी तो यादीत ठेवावा.

मग घेऊ काय

एमएस्सीचा सहा महिन्यांचा प्रोजेक्ट, एनएमआरची पाळी महिन्यातून एकदा, जीपीसी नाही: बिसवाला जेल, बर्फात, तीन जाड्या आणि तीन क्रॉसलिंक (म्हणजे बिसची तीन प्रमाणं), फुगण्याचे ग्राफ नीट काढा. नागपुरातली व्हीएनआयटी असो, एलआयटी असो की युनिव्हर्सिटी कॅम्पस, यावर कोणी नापास करणार नाही.

पीएचडीची सुरुवात, वर्षभर हातात, नायट्रोजन सिलिंडर आहे: राफ्ट, अंगावर हुक, आणि बाहेरून चार हातांचा पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) थायॉल किंवा व्हिनाइल सल्फोन. उन्हाळ्यात पॉलिमर करा, ७० ला चालणाऱ्या रिअॅक्शनला खोलीचं काय, आणि जेल करायची कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीला ठेवा. हा सल्ला कुणाला विनोदी वाटेल, पण मी असंच केलं.

पेशी आहेत आणि शरीराच्या तापमानाच्या आसपासच खेळायचंय: निपाम सोडून ग्लायकॉलवाले मेथाक्रिलेट, आर्गेट एटीआरपी, टोकाला अझाइड, आणि पैसे असतील तर बिनतांब्याचं क्लिक. पैसे नसतील तर तेच मेथाक्रिलेट राफ्टने करून थायॉलकडे वळा.

आणि कोणी म्हणालं की पीनिपाम जेलचं औषध खेड्यापाड्यात इंजेक्शनने द्यायचंय, तर आधी एवढंच विचारा की मे महिन्यात ती बाटली आरोग्यकेंद्रापर्यंत ३२ च्या खाली कशी पोहोचवणार. सुईत गेल्या गेल्या घट्ट होईल.

त्या पोट्ट्याने शेवटी राफ्ट आणि व्हिनाइल सल्फोन धरलंय. सीटीएची ऑर्डर गेली, यायला तीन आठवडे लागतील म्हणे. स्ट्रक्चर वहीवर काढून बाण काढलास का विचारलं, तर "हाव दादा, काढला" म्हणाला आणि फोटो पाठवला. बाण बरोबर आहे. तोवर बिसवाला एक जेल करून हात साफ कर म्हटलं, तर विचारतो बर्फ कुठून आणू, लॅबची आइस मशीन बंद आहे. म्हटलं खाली रसवंतीवाल्याकडे जा, पाच रुपयात डबा भरून देतो.